फुंकायचं मी बघतो

आमच्या वस्तीत ‘प्रोस्टेट’ हा शब्द सगळ्यांसमोर मोठ्यानं पहिल्यांदा उच्चारला तो मास्तरांनी. तोही बँडच्या तालमीत. जून संपत आला होता, लग्नं थांबली होती आणि समाजमंदिराच्या पडवीत दहा-अकरा जण आपापली वाद्यं पुसत बसले होते. मास्तरांनी ट्रंपेट मांडीवर आडवा ठेवला आणि म्हणाले, “मला कॅन्सर झालाय. प्रोस्टेटचा. आता ह्ये काय आसतं आन कुठं आसतं, ज्याला ठावं न्हाई त्यानं आत्ताच इचारून घ्या. मागनं कुजबूज नको.”

जो तो आपलं वाद्य आणखी जोरात पुसायला लागला. शेवटी माझे वडील, ते बँडमध्ये साइड ड्रम वाजवतात, हळूच म्हणाले, “दुखतंय का वो मास्तर?”

“न्हाई.”

“मग कळलं कसं?”

“रातीचं चार-चार येळा उठाय लागायचं म्हनून डॉक्टरकडं गेलतो. तू किती येळा उठतोस?”

वडिलांनी मान खाली घालून ड्रमचे स्क्रू आवळायला घेतले.

हे असलं लिहावं की नाही, असा मला बरेच दिवस प्रश्न होता. मुलीनं तर लिहूच नये, असं आईचं म्हणणं. मग मी मास्तरांनाच फोन करून विचारलं. ते म्हणाले, “नाव नको घालू. बाकी समदं लिही.” म्हणून इथं ते नुसते मास्तर आहेत. तसंही कोरेगावात त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकलेली नाही.

मास्तर उंच, सडसडीत. वरच्या ओठावर मधोमध एक गोल वळ. चाळीस वर्षं ट्रंपेट तिथंच टेकल्यानं तो कायमचा उमटला होता. घरटी एक माणूस फौजेत असलेला आमचा भाग; इथं मिशीला फार मान. मास्तर मात्र रोज सकाळी मिशी तासायचे. कुणी चिडवलं, “आवं मास्तर, मिशी कुठं गेली?” की म्हणायचे, “मिशीतनं हवा गळती. तुमी ठेवा, तुमाला कुठं वाजवायचंय.”

वाजवण्याआधी ते जेवत नसत. लग्नाच्या मांडवात सगळ्यांच्या पंगती उठल्या तरी ते आपले बाजूला खुर्ची टाकून बसलेले. वरात पोचली, वाद्यं पेटीत गेली, की मग जेवायचे. नव्यानं शिकायला आलेल्याच्या हातात पहिला महिनाभर ते वाद्यच देत नसत. त्याला पडवीत उताणा झोपवायचे, पोटावर वीट ठेवायचे आणि म्हणायचे, “ही वीट वर गेली पायजे. गाल फुगवायचं काम फुगेवाल्याचं. सूर पोटातनं येतो.” आमच्या वस्तीतल्या निम्म्या पुरुषांनी कधी ना कधी ती वीट पोटावर घेतलेली आहे.

आणि त्यांचा एक नियम होता, त्यावरून बँडमधले लोक त्यांच्यावर कायम वैतागलेले असत. ज्यानं बँड कधी ऐकला नाही, त्याची सुपारी मास्तर घेत नसत. माणूस दारात येऊन लग्नाची तारीख सांगायला लागला, की ते विचारायचे, “आमाला ऐकलंय का कवा?” तो नाही म्हणाला, की पुढच्या लग्नाचं ठिकाण सांगायचे. “तितं या. मांडवात नका बसू, रस्त्यावर उभं ऱ्हावा. पटलं तर बोलू.” एकदा फलटणकडचे एक पाहुणे असे येऊन उभे राहिले, अर्धा तास ऐकलं आणि म्हणाले, “मास्तर, राग मानू नका, पण आमच्या पोरास्नी जरा दणका पायजे.” मास्तरांनी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या एका बँडचा पत्ता दिला. वडील घरी येऊन आईला म्हणाले, “हा मानूस आपल्याला उपाशी मारनार.”

मी तेव्हा साताऱ्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वस्तीत कुणाचाही इंग्रजी कागद आला की माझ्याकडे यायचा. विम्याचा, बँकेचा, औषधाचा. मास्तर तर मला नावानं हाकच मारत नसत. “ए कॉलेज, हिकडं ये. ह्ये वाच.” त्यांचा मुलगा फौजेत, लांबच्या पोस्टिंगवर. उपचाराची कागदपत्रं आणि खर्चाची व्यवस्था त्यानं तिकडून लावली, पण सोबत जायला तो येऊ शकत नव्हता. म्हणून सांगलीच्या दवाखान्यात मास्तर, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, आणि मी असे तिघं गेलो. मला सगळं समजतं असा त्यांचा समज होता. मला फारसं काही समजत नव्हतं. पण तसं सांगायचं धाडस झालं नाही.

डॉक्टर चाळिशीचे, शांत बोलणारे. त्यांनी कागदावर चित्र काढलं. वर मूत्राशय, त्याच्या खाली लिंबाएवढी प्रोस्टेट, तिच्यातून जाणारी लघवीची नळी. गाठ बाहेर पसरलेली नव्हती. अख्खी ग्रंथी काढून मूत्राशय आणि नळी पुन्हा जोडायची, आणि हे रोबोटनं करायचं, असं ठरत होतं.

“त्यो रोबोट कोन चालवतो?” मास्तरांनी विचारलं.

“मीच. त्याचे हात आत असतात, मी बाजूला बसून ते हलवतो. तो आपणहून काही करत नाही.”

“मग बरं. सराव किती हाय तुमचा?”

काकूंनी मास्तरांच्या कोपराला चिमटा काढला. डॉक्टर मात्र हसले आणि त्यांनी नीट उत्तर दिलं. किती वर्षं करतात, आठवड्यातून कितीदा, कुणाकडे शिकले. नवीन क्लॅरिनेटवाल्याला ऐकतात तसे मास्तर ऐकत होते, मान किंचित वाकडी करून.

मग डॉक्टरांनी सांगितलं की आत जायच्या दोन वाटा आहेत. एक पुढून. मूत्राशय वरून सोडवून खाली घ्यायचं आणि त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेतून ग्रंथीपर्यंत पोचायचं. ही जास्त रुळलेली वाट. दुसरी मागून. मूत्राशयाच्या पाठीमागून जायचं, त्याला पुढून धरून ठेवणारे बंध तसेच राहू द्यायचे. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा काही काळ जातो. खोकलं, शिंकलं, ओझं उचललं, पोटावर जोर आला की गळते. मागून गेलं तर हा ताबा बहुतेकांना लवकर परत मिळतो.

“पोटावर जोर,” मास्तर म्हणाले. “आन फुंकलं तर?”

“काय फुंकता?”

“ट्रंपेट.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “सगळ्यात जास्त त्यातच कळेल.”

“मग मागनंच जावा की.”

“तुमची गाठ ग्रंथीच्या पुढच्या भागात आहे. मागून गेलो की तो भाग मला सगळ्यात शेवटी आणि अडचणीतून दिसतो. कडेला थोडं राहून जायची भीती वाटते. काही सर्जन अशा गाठीलाही मागून जातात. मी तुमच्या बाबतीत पुढून जाईन. पण तुम्ही विचार करा, हवं तर दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा.”

“आणखी एक गोष्ट बोलायची आहे,” असं म्हणून ते माझ्याकडे बघून थांबले. मास्तर म्हणाले, “कॉलेज, जा, च्या सांगून ये.” मी बाहेर गेले. ती गोष्ट कुठली ते मला प्राणिशास्त्रामुळे कळलं होतं. काकूंनी आत काय उत्तर दिलं ते त्यांनीच मला पुढे कधीतरी सांगितलं: “मी म्हनलं, डॉक्टर, त्येची काळजी तुमी करू नका. मानूस घरात बसलेला दिसला पायजे, झालं.”

पुढचे पंधरा दिवस मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर या दोन वाटांची तुलना वाचत होते. एकेक ओळ दोनदा वाचायची, शब्द वहीत उतरवायचे. लवकर ताबा येण्याबद्दल बहुतेक ठिकाणी एकमत दिसलं. वर्षभरानं दोन्हीतला फरक कमी होत जातो, हेही दिसलं. कडेला कॅन्सर राहण्याबद्दल मात्र कुणी एक ठाम बोलत नव्हतं. सर्जनचा हात, गाठीची जागा, अशा अटी घालून सगळे बोलत होते. मी वही घेऊन मास्तरांकडे गेले आणि हे जमेल तसं सांगितलं.

ते म्हणाले, “तुझं बराबर आसंल. पन मला ऐकायचंय.”

“काय ऐकायचंय?”

“दोन्ही. फुडनं झालेला एक मानूस आन मागनं झालेला एक मानूस.”

मला फार संकोच वाटला, पण मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी त्या दोघांना विचारलं आणि दोघंही हो म्हणाले. मागून ऑपरेशन झालेले होते फलटणचे, साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. पुढून झालेले होते कुंडलचे एक शेतकरी. एका रविवारी फलटण, पुढच्या रविवारी कुंडल. मास्तरांनी दोन्ही वेळा इस्त्रीचा सदरा घातला होता.

फलटणचे गृहस्थ मोकळे होते. “पंधरा दिसांत कोरडा,” त्यांनी चुटकी वाजवली. “लोकांस्नी पटत न्हवतं माजं ऑपरेशन झालंय म्हनून.” मग आवाज उतरला. “पन तपासनीत कडेला काय तरी ऱ्हायलं म्हनाले. मग लाईट घ्यावी लागली, ती किरनांची, महिनाभरावर. आता बरं हाय. पन दर तीन महिन्यांनी रगत द्यायला जातो तवा आदल्या दिशी जेवन जात न्हाई.”

मास्तरांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला ट्रंपेटचा माउथपीस काढला, मोरीवर जाऊन धुतला आणि त्यांच्यापुढे धरला. “राग मानू नका. ह्यात एकदा जोरात फुंकता का?”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. फिटरकाकांनी फुंकलं. आवाज काही आला नाही, नुसता फुस्स. “कोरडं?” मास्तरांनी विचारलं. “कोरडं,” ते म्हणाले, आणि त्यांची सून चहा घेऊन दारातच थांबली.

कुंडलचे शेतकरी हाडापेरानं मोठे. त्यांना नऊ महिने पॅड वापरावं लागलं होतं. “उसात पानी पाजाय गेलो की मीच पाजतोय आसं वाटायचं,” असं म्हणून ते स्वतःच हसले. “पोरीच्या साखरपुड्यात उभा ऱ्हायलो न्हाई मी. पाव्हनं म्हनले, मानूस गर्विष्ठ हाय. काय सांगायचं?” माउथपीस हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितला, छाती भरून घेतली आणि इतक्या जोरात फुंकला की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. मग खाली बघितलं. “थेंबभर,” ते म्हणाले. “खोटं कशाला सांगू? पन रिपोर्ट समदं साफ हाय गड्या.”

परतीच्या गाडीत मास्तर माउथपीस रुमालात गुंडाळत होते. मी म्हणाले, “मास्तर, दोन माणसं म्हणजे दोनच माणसं. त्यावरून ठरवता येत नाही, असं डॉक्टरपण म्हणतात.”

“व्हय. पन मला फरक कळला,” ते म्हणाले. “एकाला खोकताना भ्या वाटतंय आन एकाला रगत द्याय जाताना.”

पुढच्या भेटीत त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, “फुडनं जावा. पैलं ते समदं काढा. फुंकायचं मी बघतो.”

ऑपरेशन चांगलं झालं. दहा दिवसांनी लघवीसाठी बसवलेली रबरी नळी काढली. मग काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. मी तो वाचताना मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. कडा साफ होत्या. काकूंनी दवाखान्यातल्या शिपायालाही पेढा दिला. डॉक्टरांनी व्यायामाचा कागद हातात ठेवला. लघवी मध्येच अडवताना जिथं आवळतो तिथं आवळायचं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. दिवसातून अनेकदा. मी तो मराठीत लिहून दिला.

मास्तरांनी सांगितल्यापेक्षा दुप्पट व्यायाम केला. सकाळ-संध्याकाळ समाजमंदिराच्या पडवीत खुर्चीवर ताठ बसायचे, मांडीवर ठेका धरायचे आणि चेहरा लालबुंद होईपर्यंत मोजायचे. विचारलं की म्हणायचे, “चाललंय. येतंय हातात.” तुळशीची लग्नं झाली, बँड निघाला, मास्तर नुसते बरोबर चालत राहिले. डिसेंबर गेला. ट्रंपेट पेटीतच होता. बँडमधल्या धाकट्या ट्रंपेटवाल्याला त्यांनी पुढं उभं केलं होतं. मला वाटलं, अशक्तपणा असेल.

जानेवारीत काकूंनी मला अंगणात थांबवलं. “तुला म्हनून सांगते. गळायचं काय बी कमी न्हाई. व्यायाम केला की उलट जास्तच. मानसात जायचं टाळत्यात. कॅन्सर झाल्याचं साऱ्या गावाला सांगितलं, पन ह्ये सांगवंना.”

मी दवाखान्यात फोन केला. तिथं एक फिजिओथेरपिस्ट बाई होत्या, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मास्तरांना घेऊन यायला सांगितलं. मास्तर यायला तयार नव्हते. “कुनी सांगितलं तुला?” ते माझ्यावर ओरडले. ते मला कधी ओरडले नव्हते.

“मी सांगितलं,” काकू आतून म्हणाल्या. “आन चपला घाला.”

बाईंनी मास्तरांना झोपवलं आणि व्यायाम करून दाखवायला सांगितलं. मी पडद्याअलीकडे होते, मला नुसतं ऐकू येत होतं.

“काका, पोट दगडासारखं झालंय.”

“होनारच. जोर पोटातनंच येतो.”

“इथं पोटाचं काम नाही. श्वास पण धरलाय तुम्ही.”

“धरल्याबिगर दम कसा लागंल?”

“दम लावायचाच नाही, काका. पोटानं दाबलं की मूत्राशयावर दाब येतो. तुम्ही तीन महिने गळती थांबवायच्या ऐवजी तिला धक्का मारताय.”

आतून मास्तरांचं हसणं ऐकू आलं, मोठ्यानं, खूप दिवसांनी. “काकू, ऐकलंत का,” असं मीच म्हणून गेले. काकू पदरानं डोळे पुसत होत्या.

परत येताना ते म्हणाले, “कागद तू लिहिलास, आन ‘पोट ढिलं सोडा’ हे लिहिलं न्हाईस?” मी खरंच लिहिलं नव्हतं. मूळ कागदावर ती ओळ होती. मला ती किरकोळ वाटली होती. मला रडू यायला लागलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “आगं, लिहिलं आसतंस तरी मी केलं नसतं. चाळीस वर्सं पोरांच्या पोटावर विटा ठेवल्या मी. माजं पोट कागदाचं ऐकतंय व्हय?”

बाईंनी एक युक्ती दिली होती. आवळताना मोठ्यानं आकडे मोजायचे, म्हणजे श्वास अडकत नाही. मास्तर आकड्यांऐवजी सूर गुणगुणायचे. मग पुढची पायरी: आधी खालून आवळायचं, मग खोकायचं. आणि मग, आधी आवळायचं आणि फुंकायचं. ती पायरी मार्चमध्ये आली. पहिला सूर त्यांनी काढला तेव्हा तो इतका बारीक होता की वडील म्हणाले, “पोरगं शिकाय लागलंय जनू.” मास्तर म्हणाले, “पोरगंच हाय. खालनं शिकतोय ह्या टायमाला.”

एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक असते. आमच्या बँडचा तो घरचा कार्यक्रम, त्याची सुपारी नसते. मास्तर त्यात कधी चुकलेले नव्हते. संध्याकाळी मिरवणूक निघायच्या आधी त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. “ऐका. वरच्या सुरात मला अजून थेंब येतो. पॅड लावलंय. मधी एखांदं घर बघून मी बदलाय जाईन, तवर धाकट्यानं धरायचं, ठेका सोडायचा न्हाई. कुनाला लाज वाटत आसंल तर त्यानं मागल्या रांगेत ऱ्हावं. मी फुडंच आसनार.”

कुणी मागच्या रांगेत गेलं नाही.

ते वाजवत होते तेव्हा मी बायकांच्या बाजूनं चालत होते. वरच्या सुरांच्या जागेवर पूर्वी ते एका श्वासात उभे राहायचे. त्या दिवशी त्यांनी ती तीन तुकड्यांत घेतली. लोकांना कळलं नाही. वडिलांना कळलं, कारण ड्रमवर त्यांनी त्या दोन फटी भरून काढल्या. चौकाजवळ मास्तर एका घरात गेले आणि पाच मिनिटांनी बाहेर आले. सदरा नीट करून पुन्हा पुढे उभे राहिले. घरमालक दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. तोही साठीच्या पुढचा होता.

तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे आला, असं काकू म्हणाल्या. काय बोलणं झालं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दारच लावून घेतलं होतं.

जुलैत मी एम.एस्सी.साठी सांगलीला निघाले. एस.टी. आमच्या वस्तीवरूनच जाते. सकाळची वेळ होती. समाजमंदिराच्या पडवीत पाच म्हातारे रस्त्याकडे तोंड करून ओळीनं बसले होते. मधोमध मास्तर. एका टोकाला चौकातला तो घरमालक, आणि दुसऱ्या टोकाला, माझा विश्वास बसेना, माझे वडील. कुणी बोलत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. पाचही जण गंभीरपणे समोर बघत होते, आणि सगळे मिळून एकच सूर बारीक आवाजात गुणगुणत होते. मी खिडकीतून हात केला. वडिलांनी पटकन नजर दुसरीकडे वळवली. मास्तरांनी भुवई तेवढी उचलली. सूर त्यांनी सोडला नाही, आणि त्या चौघांनाही सोडू दिला नाही.

माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “सकाळी सकाळी काय करत्यात गं ही मानसं?”

मी म्हणाले, “तालीम चाललीय त्यांची.”